एका घराची वीज

पारा एकोणपन्नासवर गेला, वीज पुरेनाशी झाली आणि नागपूरच्या नियंत्रण कक्षातून विदर्भातल्या घरांची वीज एकेक करून बंद होऊ लागली. पुष्पलता रामटेकेच्या टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, बायकोचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. ओठ निळे पडलेत तिचे," ब्रह्मपुरीहून एक म्हातारा सांगत होता.

तिने त्याचं घर चालू करायला बटण दाबलं. त्याच्या बदल्यात दुसरं घर संध्याकाळपर्यंत बंद करा, असं पडद्यावर आलं. यादीत नुसते क्रमांक होते. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, तिला कसं कळणार? शेवटी तिने स्वतःच्याच घराचा क्रमांक बंद केला.

फोनवर म्हाताऱ्याचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. लगेच तिच्या मोबाइलवर आईचा फोन आला.

"पुष्पा, कूलर बंद झाला गं. जीव घाबरा होतोय."

"लाइट येईल गं आई, दहा मिनिटांत," पुष्पलता म्हणाली. "ओला टॉवेल घे अंगावर."