पाण्याकडची खिडकी

दुष्काळात तळं आटलं आणि गाळ काढताना जुन्या वस्तीतली, तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी सापडली. त्यांच्यासाठी काठावर छोटं संग्रहालय बांधायचं होतं. मडकी पाण्याकडच्या खिडकीत ठेवायची, म्हणजे घाटावर बसलेल्यांनाही दिसतील, असा माझा आराखडा. मी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर खिडकी आखत होतो. गाळाची पाटी खाली ठेवून बायनाबाईनं विचारलं, "त्या मडक्यांत काय हाय, सायेब?" "तीन हजार वर्षांपूर्वीचं तान्हं बाळ. तेव्हा लोक घरातच पुरायचे, जमिनीखाली." "घरातच?" "हो. आईजवळ." तिनं खिडकीच्या रेघेकडे पाहिलं. "मंग त्येला घाटावरच्या लोकांपुढं कावून मांडता? घरातच ठिवा." मी पायानं रेघ पुसली. आतल्या खोलीत, जुन्या घरातली चूल मांडायची होती त्या जागेशेजारी नवी आखली. पाटी उचलताना ती म्हणाली, "आमी ऊसतोडीला गेलतो तवा माझं तान्हं फडातच पुरलं. पुढल्या साली कारखान्यानं तोच फड तोडाया दिला. ऊस लई वाढलता."