दिवाबत्तीचा कागद

चौकटीतून काढलेला कागद दीनानाथांनी आधी फिरवून सरळ केला. इतकी वर्षं तो उलटाच बसवलेला होता आणि दर दसऱ्याला त्या उलट्या कागदाची साग्रसंगीत पूजा होत होती. हळदकुंकवाच्या थराखाली फारसी ओळी दिसत होत्या. गावात त्या कुणालाच वाचता येत नसत, त्यामुळे कागदाचा मान टिकून होता.

भैरवनाथाच्या देवळाची कचेरी म्हणजे सोलापूर रस्त्याकडेची एक पत्र्याची खोली. टेबलापलीकडे विश्वस्तांचे अध्यक्ष विश्वजीत बसले होते. बाहेर नव्या सभामंडपाची फरशी घासण्याचं मशीन चालू होतं.

"सर, उद्घाटनाला आठवडा राहिलाय. बोर्डवर दोन दमदार ओळी पाहिजेत. सुलतानानं फौज धाडली, गावानं पळवून लावली. असंच काहीतरी असणार ना?"

दीनानाथांनी कागदावर भिंग धरलं. सकाळी सदाशिव पेठेतून येताना गाडीत विश्वजीतनी त्यांना एक शब्द दिला होता. देवळाच्या माडीवर एक खोली काढायची, दर गुरुवारी गाडी न्यायला येईल, दीनानाथांनी मुलांना मोडी आणि फारसी शिकवायची. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं दूधवाल्यापुरतं उरलं होतं, तेही "अर्धाच लिटर द्या" एवढंच. गुरुवारच्या कल्पनेनं ते म्हातारपणी शोभणार नाही इतके खूष झाले होते.

त्यांनी भिंग खाली सरकवलं. शिक्का आदिलशहाचा होता. मजकूर दहा ओळींचा. दोनदा वाचला, तरी अर्थ तोच निघाला.

"फौजेचं काही नाही यात," ते म्हणाले. "जमीन दिलीय. भैरवाच्या दिव्याच्या तेलासाठी. कुठल्या अंमलदारानं अडवू नये, दरसाल नवा हुकूम मागू नये, असं बजावलंय."

"दिलीय कुणी?"

"विजापूरच्या पातशहानं."

विश्वजीतनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. "हे बोर्डवर कसं लावू, तुम्हीच सांगा. कागद झिजलाय, वाचता येत नाही, एवढंच म्हणा सर. तसंही तुमच्याशिवाय कोण वाचणार आहे?"

ते खरंच होतं. एका वाक्यात निभावलं असतं आणि कुणाला कधी कळलं नसतं. दीनानाथांना त्याचीच भीती वाटली.

गोदाबाई चहा घेऊन आत आल्या. गुरवाच्या घरच्या त्या, नवरा गेल्यापासून देवळाची दिवाबत्ती एकट्याच बघत. कप ठेवून त्या दाराशी थांबल्या.

"काय लिवलंय वो त्येच्यात?"

"झिजलंय मावशी. वाचता येत नाय," विश्वजीत म्हणाले.

"येतं की," दीनानाथ म्हणाले.

मग त्यांनी दहाच्या दहा ओळी मोठ्यानं वाचल्या. आधी फारसीत, मग एकेक ओळ मराठीत. कुणासमोर वाचून किती वर्षं झाली होती! मध्येच त्यांचा आवाज फाटला, तो त्यांनी खाकरून सावरला.

विश्वजीत उठले. "ड्रायव्हरला हडपसरला काम निघालंय. तुम्हाला बस मिळेल ना?"

"मिळेल."

"आणि ते गुरुवारचं नंतर बघू."

'बघू' म्हणजे काय, हे उभं आयुष्य पुण्यात काढलेल्या माणसाला कळत होतं. विश्वजीत फोन कानाला लावून मंडपाकडे गेले. दीनानाथांनी भिंग रुमालात गुंडाळलं. त्यांना फार एकटं वाटलं.

गोदाबाई अजून कागदाकडेच बघत होत्या.

"म्हंजी त्या पातशाला ठावं हुतं? हितं दिवा लागतुया म्हणून?"

"ठाऊक होतं. गावाच्या नावासकट लिहिलंय."

"तितक्या लांब बसून?"

"हो. विजापुरात बसून."

गोदाबाईंनी रिकामा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"एकोणतीस वरसं झाली लावतिया मी," त्या म्हणाल्या. "गावातल्या एकानं बी अजून इचारलं न्हाई, गोदे, आज दिवा लावलास का म्हणून."