वटवट्या आला नाही

सलग अकराव्या सकाळी त्यांनी वहीत लिहिलं, ‘वटवट्या नाही’, आणि वही फाटकन मिटली. तळ्याकाठच्या झाडांना पालवी फुटली होती. बाकीचे पाहुणे पक्षी वेळेवर हजर झाले होते. फक्त हा मुठीत मावेल एवढा, हिरवट अंगाचा, दिवसभर बारीक टोकदार आवाजात वटवट करणारा पक्षी तेवढा आला नव्हता.

पस्तीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवून, ते मुलाच्या हाती देऊन ते आता निवृत्त झाले होते. पक्षीमित्रांच्या मंडळात त्यांना सगळे ‘कान’ म्हणत, कारण पक्षी दिसायच्या आधीच ते आवाजावरून त्याचं नाव सांगत. हे टोपणनाव ऐकून ते वरवर संकोचायचे आणि आतून फुलायचे. कॅमेरेवाल्यांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. फोटो काढणारा माणूस पक्षी बघतच नाही, कॅमेऱ्याच्या मागचा पडदा बघतो, असं ते सुनेला रोज ऐकवायचे. सुनेने लांब लेन्सचा एक वापरलेला कॅमेरा घेतला होता आणि गेले दोन महिने ती त्यांच्याबरोबर येत होती. ती हसायची आणि फोटो काढत राहायची.

अकरा दिवसांत त्यांनी अख्खा सिद्धान्त उभा केला. हवा बिघडली, किडे कमी झाले, वटवट्याने वाट बदलली. मंडळाला तो लगेच पटला. खुद्द ‘कान’ म्हणतात म्हटल्यावर शंका कोण घेणार? रविवारी त्यांचं भाषण ठरलं. एका वार्ताहरानेही येतो म्हणून कळवलं. विषय होता ‘हरवलेला वटवट्या’. पत्रिकेसाठी फोटो हवा होता, तो सुनेने तळ्याच्या पलीकडून काढला. झाडाखाली उभे, डोळे मिटलेले, हात कानामागे. कुणालाही वाटावं, हा माणूस पानं उमलतानाही ऐकत असेल.

शनिवारी दुपारी तिने तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. ते मागे उभे राहून, पोट जरा आत घेता येईल का, अशी चौकशी करत होते. ती एकदम थांबली. मग तिने फोटो थोडा खाली ओढला.

त्यांच्या टोपीच्या वर, जेमतेम दोन हातांवर, फांदीवर वटवट्या बसला होता. चोच सताड उघडी. गळा फुगलेला. इवलीशी जीभसुद्धा दिसत होती.



“तुला तेव्हा ऐकू आला होता?” त्यांनी विचारलं.

“रोज येतोय, बाबा,” ती हळूच म्हणाली. “पण तुम्ही म्हणालात वटवट्या आलाच नाही. मला वाटलं, हा दुसराच कुणीतरी असेल.”

ते खुर्चीत बसले. एकेक गोष्ट आठवू लागली. मागच्या वर्षी दोन डिजिटल थर्मामीटर वाजत नाहीत म्हणून त्यांनी दुकानात नेऊन आपटले होते आणि मुलाला मालाच्या दर्जावर चांगलं अर्धा तास सुनावलं होतं. वॉशिंग मशीनची शिट्टी गेली म्हणून मेकॅनिक बोलावला, तर तो पुन्हा पुन्हा बटण दाबून त्यांच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला होता. आळशी मेकॅनिक, असं त्यांचं तेव्हाचं निदान. वटवट्याचा आवाज मनात अजून लख्ख वाजत होता. पण खरोखरचा शेवटचा कधी ऐकला, ते काही केल्या आठवेना.

तब्येतीचं कारण सांगून भाषण पुढे ढकलू या, असं सून म्हणाली. कारण तब्येतीचंच आहे, तर मग सांगूनच टाकतो, असं ते म्हणाले.

रविवारी त्यांनी आधी तो फोटो पडद्यावर दाखवला. वटवट्या अगदी वेळेवर आलाय, हरवलेत ते माझे कान, असं सांगून टाकलं. मग सिद्धान्त सांगितला, थर्मामीटर सांगितले, मेकॅनिकही सांगितला. पोटाची चौकशीसुद्धा लपवली नाही. सभागृह हसून हसून दमलं. वार्ताहराने मिटलेली वही पुन्हा उघडली. ते स्वतःही हसत होते. पण उद्यापासून आपल्याला काय म्हणून हाक मारतील, हे खाली उतरताना काही कळत नव्हतं.

गर्दी पांगल्यावर मंडळाचे अध्यक्ष काठी टेकत जवळ आले. वय ऐंशीच्या पुढे, पहिल्या रांगेत बसलेले, आणि सगळ्या सभागृहात एकटे न हसलेले. त्यांनी यांचा दंड धरला आणि कोपऱ्यात नेलं.

“तो ऐकून चार वर्षं झाली,” अध्यक्ष म्हणाले. “दर वसंतात तुम्ही सगळे ‘आला, आला’ म्हणायचात आणि मीही मान डोलवायचो. यंदा तुम्ही ‘आला नाही’ म्हणालात, तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी माणूस खरं बोलायला लागला.”