मागच्या चाकाचा हट्ट

शेजारच्या मिओद्रागने पिस्टन दाबायला लावलेला शिकंजा आवळला, शिव्या घातल्या, पण मागच्या ब्रेकचा पिस्टन आत जाईना आणि नवे जाड पॅड बसेनात. "पुढचे असेच बसवले होते! वहिनी, भंगारात घाला ही गाडी," राकियाचा घोट घेत तो म्हणाला. नवऱ्यामागे स्तोयांकाकडे ही गाडीच उरली होती. आयवारच्या, म्हणजे लाल मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्या भरून लाल झालेले हात तिने पुसले. पिस्टनच्या तोंडावरच्या दोन खाचांत पक्कडीची टोकं रोवली आणि बरणीचं झाकण लावतात तसा तो दाबत फिरवला. हँडब्रेकचा हा पिस्टन आट्यांचा होता; तो गुमान आत गेला. पॅड बसले, चाक चढलं. तिने आत बसून गाडी उतारावर सोडली तसा खाली उभा मिओद्राग ग्लास जमिनीवरच ठेवून बाजूला पळाला. हँडब्रेक ओढताच गाडी ग्लासाच्या वीतभर अलीकडे थांबली. "दरवर्षी दोनशे झाकणं लावते, भाऊजी," ती खिडकीतून म्हणाली. "आजवर एकही बरणी गळली नाही."