कोणी उतरायचं

एक शिट्टी, इतकी नवी की तोंडात पितळेची चव उतरते.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, कापलेलं खुंट. उंची वीतभर, टोक तासल्यासारखं.

नियम : एका सायकलीवर एकच माणूस. दुसरं दिसलं की थांबवणं, नाव विचारणं, चालान.

जठारपेठेच्या चौकाआधी पन्नास पावलांवर एक कडुनिंब. अकोल्यातली प्रत्येक डबलसीट सायकल तिथं हलकी होते. मागचं माणूस उतरतं, पोलिसासमोरून साळसूद चालत जातं, चौक संपला की पुन्हा बसतं.

१९५९ची एक सकाळ, साडेआठ.

चौकात श्रावण शिपाई उभा होता. कडुनिंबाकडे पाठ करून.

“काहून रे?” खुशालराव जमादार आज स्वतः पाहणीला आले होते. “चौक तिकडे हाये का इकडे?”

“इकडून बैलगाड्या येऊन राहिल्या, साहेब.”

“बैलायले डोये असतात. सायकलीले नसतात. फीर.”

श्रावण फिरला.

“ध्यानात ठेव,” जमादार म्हणाले, “डोयानं पायल्याबिगर कोनाले थांबवाचं नाही. अन पायलं तं सोडाचं नाही.”

श्रावणनं मान हलवली. नऊ दिवस तो याच पहिल्या वाक्याच्या आडोशाला पाठ करून उभा राहत होता. पण ज्या नवरा-बायकोसाठी तो पाठ करायचा, त्या दोघांना ते कळत नव्हतं. बाईच्या पायाच्या तळव्यात शेतातलं खुंट घुसलेलं. रोज पट्टी बदलायला नवरा तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचा, आणि खाकी दिसली की कडुनिंबाखाली ती उतरायची. पाठमोरी असली तरी खाकी ती खाकीच. पहिल्या दिवशी पट्टी तळव्यापुरती होती. काल घोट्याच्या वर गेली होती, आणि बाई नवऱ्याला सांगत गेली होती, “डाक्तर म्हने, पाय टेकला तं जखम भरनार नाही. मंग पायच ठेवता येनार नाही.”

आज त्या नवऱ्याची, वामनरावांची, सायकल कडुनिंबाशी थांबली. बायको, जमुनाबाई, उतरली. एका हातानं कॅरिअर धरून तिनं पाऊल टाकलं. दुसरं. तिसऱ्याला पांढऱ्या पट्टीवर टाचेपाशी लाल ठिपका आला.

श्रावणनं शिट्टी फुंकली.

दोघं जागच्या जागी थांबली. जमादारांनी भुवया वर केल्या.

“काहून थांबवलं? बाई पैदल हाये, बुवा एकटा हाये. गुन्हा कोनता?”

गुन्हा नव्हता. श्रावणच्या तोंडात शिट्टीच्या पितळेची चव होती. नोकरी कायम व्हायला अजून तीन महिने होते. तो तसाच सायकलीपाशी गेला.

“सायेब, ते तं उतरली नं,” वामनराव म्हणाले. “तुमी पायलं.”

“पायलं, मामा. आता तुमी उतरा. मामीले बसवा.”

“मंग डबलसीट होईन.”

“कसं होईन? तुमी पैदल. हँडल धरा अन ढकला. पायडलवर पाय नाही, तं चालवनं नाही.”

हे बोलून श्रावणनं जमादारांकडे पाहिलं. जमादार रस्त्याकडे बघत होते. बावीस वर्षांच्या नोकरीतली सगळी कलमं त्यांनी मनातल्या मनात चाळली असावीत. मधे एक टांगा घंटी वाजवत निघून गेला.

“ढकलत नेली,” शेवटी ते म्हणाले, “तं ते हातगाडी झाली. हातगाडीवर कितीही माल ठेवा.”

“म्या का माल हाये?” जमुनाबाई म्हणाली, पण तोवर ती कॅरिअरवर बसली होती. पट्टीचा पाय तिनं पुढं अधांतरी धरला. मग नवऱ्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, “नऊ दिवस झाले. चुकीचं मानूस उतरून राहिलं होतं.”

“तू कावून नाही बोल्ली मंग?”

“मले वाटलं, तुमाले कायदा मालूम असन.”

वामनराव हसले नाहीत. त्यांनी एक हात हँडलवर ठेवला आणि दुसरा मागं नेऊन तिचा गुडघा धरला. श्रावणनं कॅरिअरला हात लावला. जमादारांनी चौकाच्या मधोमध जाऊन हात वर केला. सरकीची एक बैलबंडी आणि दोन टांगे थांबले, आणि सायकल माणसाच्या चालीनं पलीकडे गेली.

आदल्या उन्हाळ्यात, पोलीस भरतीच्या दिवशी, श्रावणचा बाप पुंजाजी त्याला पातूरहून वीस मैल सायकलीवर मागं बसवून घेऊन आला होता. धावायच्या आधी पोराचे पाय थकू नयेत म्हणून त्यानं वाटेत एकदाही हँडल त्याच्याकडे दिलं नव्हतं.