धुळीतले पट्टे

राजवाड्यात शिरताना बुटांवर कापडी खोळी चढवाव्या लागत. पाऊल पडेल तिथली धूळ पुसली जाई आणि लाकडी जमिनीवर चकचकीत पट्टा उमटे. आज सर्वांत आधी तीच दोघं आत आली होती.

"तिकीटही आपणच काढायचं आणि झाडपूसही आपणच करायची!" नवरा कुजबुजला. ती हसली.

मधलं दालन अंधारं होतं. चुकामूक नको म्हणून तिने त्याचा हात धरला.

पलीकडच्या दारापाशी उजेड होता. तिने सहज मागे वळून पाहिलं. दालनाच्या मध्यापर्यंत दोघांचे पट्टे शेजारी-शेजारी होते. तिथून पुढे फक्त तिचा होता.

"अरे..." ती जागीच थांबली.

"काय गं, थांबलीस का?" आवाज त्याचाच होता, अगदी कानाशी.

तिने जमिनीवरची नजर वर उचलली नाही. हातातल्या हाताने तिची बोटं आवळली.