आवडता भाग

"मालिकेचे हजार भाग झाले! ताई, तुमचा आवडता कोणता?" निवेदिकेने माझ्यापुढे माइक धरला.

"मार खाऊन नायिका घर सोडते, तो. तो बघून मीही माहेर गाठलं."

टाळ्या पडल्या. मंचावरच्या लेखकाने हसून हात जोडले.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" माझा आवाज चढला. "लेखकसाहेब, दुसऱ्या दिवशी ते सगळं तिचं स्वप्न होतं म्हणून दाखवलंत! ती आपली नवऱ्याला चहा देतेय! आईने टीव्ही बंद केला, माझी बॅग दारात ठेवली. म्हणाली, 'बघ, ती तरी गेली का घर सोडून?' आले परत नांदायला."

शेजारून नवऱ्याने माझं मनगट दाबलं. "खाली बस. घरी चल, मग बघतो."

मी निवेदिकेच्या हातातला माइक घेऊन त्याच्या तोंडापुढे धरला. "मोठ्याने बोला. आणि तुमचा आवडता भाग कोणता, तेही सांगा."